स्टुडिओ लाइट मधूनच पडत नाही: ट्रिगर बदलू की आणखी काही?

तांबडी_माती (म्हापसा)
तीन फ्लॅश लाइटांचा सेटअप आहे. डावीकडे ऑक्टाबॉक्समध्ये मुख्य लाइट, उजवीकडे स्ट्रिपबॉक्स (दोन्ही प्रकाश मऊ करणारे सॉफ्टबॉक्स), मागे पार्श्वभूमीवर साधा रिफ्लेक्टर. तिन्ही 400 वॉट-सेकंदाचे, विजेवर चालणारे, रिसीव्हर आतच बसवलेला. कॅमेऱ्यावर 2.4 गिगाहर्ट्झचा ट्रिगर, म्हणजे शटर दाबलं की लाइटना रेडिओने मारायचा इशारा देणारा डबा. काम पाकिटांचं आणि बाटल्यांचं: काजूगर, कोकम, मसाले. फोटो थेट लॅपटॉपवर जातात.

वीस-पंचवीस फ्रेममागे एखादी फ्रेम अशी येते की एक बाजू काळी. क्वचित अख्खी फ्रेमच काळी. ट्रिगरमध्ये नवे सेल घातले, चॅनल बदलून पाहिला. नवा ट्रिगर घ्यावा काय?

एफ_आठ
इतक्यात नको. "पडत नाही" या एका तक्रारीत चार वेगळी दुखणी लपलेली असतात आणि ती फ्रेमकडे बघून ओळखता येतात.

अख्खी फ्रेम काळी म्हणजे कॅमेऱ्याचा इशारा ट्रिगरपर्यंत गेलाच नाही, किंवा ट्रिगरचा एकाही लाइटपर्यंत पोचला नाही. एकच बाजू काळी म्हणजे ट्रिगर बोलला, एका लाइटने ऐकलं नाही. फ्रेम काळी नाही पण एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) मंद आली तर लाइट पुरता भरण्याआधीच मारला गेला. तिथे रेडिओचा काही संबंध नाही. आणि फ्रेमच्या एका कडेला सरळ काळी पट्टी असेल तर तो शटर स्पीडचा मामला.

तुमच्याकडे पहिली दोन्ही दिसतात, म्हणजे दुखणीही दोन असण्याची शक्यता धरा. एकाच उपायाने दोन्ही जातील ही आशा सोडा.

आता पायरीपायरीने. लाइटच्या पाठीवरचं टेस्ट बटण दाबा. तिथेच पडला नाही तर ट्यूब, फ्यूज किंवा आतलं सर्किट. तिथे पडतो पण ट्रिगरच्या टेस्ट बटणाने चुकतो, तर रेडिओ. ट्रिगरच्या बटणाने दर वेळी पडतो आणि शटर दाबल्यावरच चुकतो, तर हॉट शू (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ट्रिगर बसवायची खाच) किंवा कॅमेऱ्याचं सेटिंग. प्रत्येक पायरीवर दोन-चारदा दाबून "चालतंय" म्हणू नका. मधूनच येणारा दोष दोन-चारदा दाबून सापडत नाही.

खाजन
कॅमेरा मिररलेस असेल तर आधी सायलेंट शटर बंद आहे का पाहा. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश पडतच नाही. कॅननच्या मेनूत "फ्लॅश फायरिंग" चालू हवं. पण असल्या सेटिंगच्या भानगडीत फ्लॅश कधीच पडत नाही. पंचविसात एकदा चुकणं त्यात बसत नाही.

सुरंगी
किती फ्रेम घ्यायच्या याचा हिशेब करूनच बसा. वीस फ्रेममागे एक चुकत असेल तर सलग दहा फ्रेम स्वच्छ येण्याची शक्यता 60 टक्के आहे. म्हणजे काहीतरी बदललं, दहा फ्रेम घेतल्या, सगळ्या चांगल्या आल्या, यातून काहीच सिद्ध होत नाही. सलग 60 स्वच्छ आल्या तर ती शक्यता 5 टक्क्यांच्या खाली जाते, तेव्हा कुठे बदलाचा उपयोग झाला असं म्हणता येतं. इंटरनेटवर "हे केलं आणि दोष गेला" म्हणणारे निम्मे लोक दहा फ्रेमवाले असतात.

कॅमेऱ्यात इंटरव्हल टायमर असेल तर तो तीन सेकंदांवर लावा. शटर 1/125, आयएसओ 100, एफ 8. तिन्ही लाइट 1/16 पॉवरवर ठेवा, म्हणजे भरायला वेळ लागण्याचा प्रश्नच बाद होतो.

आता कुठला लाइट चुकला ते कसं कळणार? समोर एक पांढरा कागद टांगा, तिन्ही लाइट सॉफ्टबॉक्स काढून त्याच्यावर वळवा आणि प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा जिलेटीन पेपर लावा. चवथीच्या मखराला लावतो तोच चालेल. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागच्याला निळा. तिन्ही पडले की कागद साधारण पांढरट-करडा. लाल चुकला की निळसर-हिरवा, हिरवा चुकला की जांभळट-गुलाबी, निळा चुकला की पिवळा. मग लॅपटॉपवर लघुचित्रांची जाळी उघडा. चुकलेली फ्रेम रंगावरून लगेच दिसते आणि फाइलच्या नंबरावरून ती कितवी तेही कळतं. मॉडेलिंग लॅम्प (लाइटमधला सतत जळणारा दिवा) आठवणीने बंद करा, नाहीतर पेपर वितळून काचेला चिकटेल.

वेर्णा_पठार
ही जिलेटीनची युक्ती उचलली. आत्तापर्यंत आरशात बघून ओळखायचा खटाटोप चालायचा.

तांबडी_माती
सुरंगीबाय, मालिका घेतली. सॉफ्टबॉक्स काढले तरी दोष तसाच. चुकलेल्या जवळजवळ सगळ्या फ्रेम जांभळट, म्हणजे उजवीकडचा. पूर्ण काळी एखादीच. चुकांच्या नंबरांत काही क्रम नाही. सुरुवातीलाही आहेत, शेवटीही.

एफ_आठ
क्रम नाही हे महत्त्वाचं. दर वेळी विश्रांतीनंतरची पहिलीच फ्रेम चुकली असती तर ट्रिगर किंवा लाइट झोपी जातोय म्हटलं असतं. तिथे स्टँडबाय बंद करायचा किंवा फोटोआधी शटर अर्धं दाबून ट्रिगर जागा करायचा. अर्ध्या तासानंतर चुका वाढल्या असत्या तर उष्णता.

आता उजवीकडचा लाइट डावीकडे न्या आणि डावीकडचा उजवीकडे. स्टँड, वायरी, सॉकेट हलवायची नाहीत, फक्त लाइट. दोष लाइटबरोबर गेला तर त्या लाइटचा रिसीव्हर. दोष उजवीकडेच राहिला तर त्या जागेत काहीतरी आहे.

तांबडी_माती
अदलाबदल केली. दोष उजवीकडेच राहिला. आता डावीकडून आणलेला लाइट तिथे चुकतो.

दीपस्तंभ
मग ट्रिगरही बरा आणि लाइटही बरा. वाय-फाय पाहा. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाय-फायचे 1, 6 आणि 11 हे तीन चॅनल एकमेकांवर न चढणारे आहेत. मध्ये 2412, 2437 आणि 2462 मेगाहर्ट्झवर. इमारतीत पाच राउटर असले तर तिन्ही भरलेले असतात. राउटर स्टुडिओतच असेल तर त्याचा 2.4 बंद करून फक्त 5 गिगाहर्ट्झ चालू ठेवा. गोडॉक्सच्या एक्स प्रोसारख्या ट्रिगरमध्ये रिकामे चॅनल शोधून दाखवणारं स्कॅन असतं, ते शूटच्या जागीच आणि शूटच्या वेळीच चालवायचं. सकाळी रिकामा असलेला चॅनल संध्याकाळी शेजारी घरी आले की रिकामा राहत नाही.

आणि लॅपटॉपवर थेट शूट करताय म्हणता, तर यूएसबी 3 ची केबल असणार. यूएसबी 3 च्या 5 गिगाबिटच्या वहनातून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो. इंटेलने 2012 मध्ये यावर टिपणच काढलं होतं. कॅमेऱ्याची केबल ट्रिगरपासून चार बोटांवर असते. ती काढून कार्डावर शूट करून बघा.

एफ_आठ
दीपस्तंभबाब, यूएसबीचा मुद्दा बरोबर, जागा चुकली. गोंगाटाचा त्रास बोलणाऱ्याला होत नाही, ऐकणाऱ्याला होतो. कॅमेऱ्यावरचा ट्रिगर मारायच्या वेळी बोलतो, ऐकतो तो लाइटमधला रिसीव्हर. शिवाय केबलचा दोष असता तर तिन्ही लाइट सारखेच चुकले असते. इथे उजवीकडचाच चुकतो. म्हणून प्रश्न असा की उजवीकडच्या स्टँडच्या दोन-तीन फुटांत काय काय ठेवलंय? लॅपटॉप, यूएसबी हब, बाहेरची हार्ड डिस्क?

तांबडी_माती
उजव्या स्टँडला लागूनच लॅपटॉपचं टेबल आहे. त्यावर यूएसबी 3 चा हब, हबला बाहेरची एसएसडी. फोटो थेट तिच्यावरच लिहिले जातात.

एफ_आठ
म्हणजे फोटो निघाला की लगेच हब आणि एसएसडी कामाला लागतात, आणि तेवढ्यात पुढची फ्रेम आली तर तिचा इशारा नेमका त्या गोंगाटात बुडतो. एसएसडी काढा, फोटो लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर जाऊ द्या, पुन्हा 60 ची मालिका. मग हबही काढून पुन्हा 60. एका वेळी एकच.

सुरंगी
टेबल हलवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दोन मीटर लांब नेलं तरी पुष्कळ फरक पडतो, कारण गोंगाट अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. ते जमत नसेल तर डिस्क यूएसबी 2 च्या केबलवर चालवा. वेग 480 मेगाबिटवर येतो, फाइल सावकाश लिहिली जाते, पण 5 गिगाबिटचं वहन बंद म्हणजे त्याचा गोंगाटही बंद. केबलवर फेराइटचा मणी अडकवून या वारंवारतेला विशेष काही होत नाही, त्यावर पैसे घालू नका.

आणखी एक. चंदेरी अस्तराचा सॉफ्टबॉक्स रेडिओला आरशासारखा. रिसीव्हरचा अँटेना लाइटच्या पाठीत असतो. सॉफ्टबॉक्स कॅमेरा आणि लाइट यांच्यामध्ये आला की अँटेना त्याच्या सावलीत जातो. तुमच्या मालिकेत सॉफ्टबॉक्स नव्हते तरी दोष होता, म्हणून इथे तो आरोपी नाही. पण परत चढवाल तेव्हा लक्षात ठेवा.

खाजन
उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण पाकिटांच्या कामात ती हमखास येते. टेबलावरच्या शूटला लाइट कॅमेऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर असला तर रिसीव्हरच्या कानाशी ओरडल्यासारखं होतं आणि तो गोंधळतो. गोडॉक्सच्या ट्रिगरमध्ये यासाठी अंतराचं सेटिंग आहे: 1 ते 100 मीटर किंवा 0 ते 30 मीटर. जवळच्या कामाला 0 ते 30 वर ठेवायचं.

तांबडी_माती
एसएसडी काढल्यावर चुका जवळजवळ गेल्या. हबही काढला तेव्हा उजवीकडचा पूर्ण मालिकेत एकदाही चुकला नाही. टेबल आता खिडकीखाली हलवलंय, हब लावूनही स्वच्छ. अख्खी काळी फ्रेम मात्र अजून अधूनमधून येते. त्या वेळी ट्रिगरवरचा लाल दिवाही लुकलुकत नाही.

काजूबी
दिवा लुकलुकत नाही म्हणजे इशारा कॅमेऱ्यातून ट्रिगरमध्ये गेलाच नाही. हॉट शू. गोव्यात हे दुखणं दर पावसाळ्यात येतं; समुद्राची खारट हवा, त्यात जून ते सप्टेंबर आर्द्रता, धातूच्या संपर्कांवर पातळ थर बसतो. डोळ्यांना तो दिसेलच असं नाही.

कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर. लेन्सला टोपण. 99 टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, काडी ओली हवी, टपकणारी नको. शूमधला मधला गोल संपर्क, मागचे छोटे संपर्क आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची आतली कड पुसा. या कडा लोक विसरतात. मधला संपर्क इशाऱ्याचा, पट्टी ग्राउंडची, म्हणजे परतीच्या वाटेची. सर्किट दोघांनी मिळून पुरं होतं. पट्टीवर रंग किंवा मळ असला तर मधला संपर्क आरशासारखा चकचकीत करून उपयोग नाही. ट्रिगरच्या पायाच्या पिनाही तशाच पुसा. प्रत्येक पिन बोटाने हलकेच दाबून पाहा, सगळ्या सारख्या उसळून वर यायला हव्यात. एखादी आत रुतून बसली असेल तर अल्कोहोलचा एक थेंब आणि दहा-बारा वेळा दाबणं, बहुतेक वेळा सुटते.

पॉलिश पेपर, चाकू, पेचकस काही नको. वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने गंज.

मग ट्रिगर पूर्ण पुढे सरकवून रिंग आवळा. सोनीच्या शूमध्ये पिना पुढच्या ओठाखाली बारीक आणि दाटीवाटीने असतात, तिथे ट्रिगर अर्धा मिलिमीटर मागे राहिला तरी बोंब. जड ट्रिगर उभ्या फ्रेमला कॅमेरा वळवला की कलतो, म्हणून चुका फक्त उभ्या फ्रेमना येतात का हेही बघा.

सेलचा डबाही उघडा. स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर ती अल्कलाइन सेल गळल्याची. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या काडीने ती निघते, नंतर अल्कोहोलने पुसून सुकवायचं. ठेवताना ड्राय कॅबिनेट 40 ते 50 टक्के आर्द्रतेवर. एसीच्या खोलीतून सामान बाहेर काढलं की पिशवी बंदच ठेवून ते बाहेरच्या हवेइतकं गरम होऊ द्या, मगच उघडा, नाहीतर संपर्कांवर दव धरतं.

वेर्णा_पठार
धाग्यात घुसतोय, पण जवळचाच प्रश्न. लग्नाच्या हॉलमध्ये, मडगाव बाजूला जास्त, दोन लाइट कोपऱ्यांत उभे करतो. रिसेप्शनला गर्दी झाली की लाइट स्वतःहून मारत सुटतात आणि नेमक्या आपल्या फ्रेमला रिकामे. बाकी सगळं स्वच्छ आहे.

खाजन
लाइटचा ऑप्टिकल स्लेव्ह, म्हणजे दुसरा फ्लॅश दिसला की आपोआप मारायची सोय, चालू राहिलाय. पाठीवर एस1 किंवा एस2 चा दिवा लागलेला दिसेल. एस1 कुठलाही फ्लॅश दिसला की मारतो. एस2 आधीचे प्री-फ्लॅश सोडून देतो, पण हॉलमध्ये चार-पाच जण टीटीएलवर (कॅमेरा आधी प्री-फ्लॅश मारून पॉवर स्वतः ठरवतो ती पद्धत) शूट करत असले तर तोही फसतो. पाहुण्यांच्या कॅमेऱ्याने तुमचा लाइट मारला, तो भरतोय, तेवढ्यात तुमचं शटर पडलं. दोन्ही बंद करून फक्त रेडिओवर चालवा.

तेही करून लाइट आपोआप मारत असतील तर हॉलमध्ये दुसरा कोणी त्याच बनावटीच्या ट्रिगरवर आणि त्याच चॅनलवर आहे. पेटीतून काढून तसेच वापरले की सगळ्यांचे चॅनल तेच असतात. आयडीचा पर्याय असेल तर 1 ते 99 मधला मधलाच काहीतरी आकडा घ्या आणि ट्रिगर, लाइट सगळ्यांवर तोच घाला. काही जुन्या लाइटांना आयडी नाही, तिथे फक्त चॅनल.

दीपस्तंभ
गर्दीत लाइटची उंचीही पाहा. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि 2.4 गिगाहर्ट्झ पाण्यात मुरतो. रिसीव्हर डोक्यांच्या वर, सात फुटांवर ठेवला की नवरा-नवरीभोवती घोळका असला तरी पोचतो. जुन्या चर्चमध्ये जांभ्या दगडाचे जाड खांब असतात. खांबाआड लाइट लपवायचा मोह आवरा.

एफ_आठ
किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये किंवा लॉनवर जनरेटर असेल तर फ्रेम मंद येतात आणि लोक ट्रिगरला शिव्या घालतात. 400 वॉट-सेकंदाचा लाइट एका सेकंदात भरायला 400 वॉटहून जास्तच ओढतो. तीन लाइट एकदम मारले की तिन्ही एकदम ओढतात, त्यात मॉडेलिंग लॅम्प 150 वॉटचे तीन. छोट्या जनरेटरचं व्होल्टेज तिथेच बसतं आणि भरायला दुप्पट वेळ लागतो. मॉडेलिंग लॅम्प बंद करा, पॉवर 1/2 किंवा त्याखाली ठेवा, एकाच लांब बारीक एक्स्टेन्शनवर तिन्ही लावू नका आणि भरल्याची बीप चालू ठेवा. बीप ऐकूनच शटर. चौकोनी लहर देणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरवर हे लाइट लावूच नका.

नवी_काडी
कॅननचा 200डी मार्क दोन आहे, साधा 433 मेगाहर्ट्झचा स्वस्त ट्रिगर घेतला. एकदाही पडला नाही. टेस्ट बटणाने पडतो. शू पुसून झाला.

सुरंगी
शूमध्ये नीट पाहा, मधला गोल संपर्कच नाही. 200डी मार्क दोन आणि 3000डी मध्ये कॅननने तो काढून टाकलाय. साधा ट्रिगर फक्त त्या मधल्या संपर्कावर चालतो, त्यामुळे तो त्या कॅमेऱ्यावर कधीच पडणार नाही. मागच्या छोट्या डेटा संपर्कांवरून चालणारा, कॅननसाठीचा टीटीएल ट्रिगर लागेल, आणि घेण्याआधी तुमचं मॉडेल त्याच्या यादीत आहे का ते तपासा. दुकानात कॅमेरा घेऊन जा, शटर दाबून लाइट पाडून दाखवायला सांगा. 433 वाला परत घेत नसतील तर दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी ठेवा, पण त्याच्यावर 1/200 ला कडेला काळी पट्टी आली तर 1/160 किंवा 1/125 वर उतरा. असल्या ट्रिगरचा इशारा थोडा उशिरा पोचतो.

तांबडी_माती
शू आणि ट्रिगरच्या पिना पुसल्या. एक पिन खरंच आत बसली होती, सुटली. त्यानंतरच्या मालिकेत काळी फ्रेम नाही. देव बरें करूं सगळ्यांचं. एक शेवटचं: घरात एक जुना, केबलवाला स्टुडिओ लाइट पडून आहे. तो पार्श्वभूमीला चौथा म्हणून केबलने कॅमेऱ्याला थेट जोडला तर चालेल?

एफ_आठ
मोजल्याशिवाय नको. जुन्या लाइटांच्या सिंकवर (कॅमेऱ्याच्या केबलच्या सॉकेटवर) कधी कधी 200 व्होल्टच्या वर असतात आणि कॅमेऱ्याचं सर्किट तेवढ्यासाठी बनवलेलं असेलच असं नाही. लाइट चालू करा, भरू द्या, केबल लाइटला लावून तिच्या मोकळ्या टोकाशी मल्टिमीटर धरा: डीसी, सर्वांत वरची रेंज, एक काडी टोकाला, दुसरी बाहेरच्या कडीला. आकडा कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. जास्त असेल तर तारच नको. त्या लाइटचा स्वतःचा ऑप्टिकल स्लेव्ह चालू करा, बाकीचे तीन मारले की तो मागून मारेल. स्टुडिओत दुसरा कोणाचा फ्लॅश नसतो, तिथे एस1 निर्धास्त चालतो, फक्त ट्रिगर मॅन्युअलवर हवा, टीटीएलवर नको.

आणि लाइटचं झाकण उघडू नका. प्लग काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास बराच वेळ राहतात.

काजूबी
केबल वापरायची ठरली तर आधी तिची परीक्षा घ्या. लाइटपासून सोडवलेली केबल मल्टिमीटरच्या बीपवर लावा, दुसऱ्या टोकाला दोन्ही संपर्क एकमेकांना टेकवा आणि जॅकच्या मानेशी वायर हलवत राहा. बीप तुटली की तार तिथेच तुटलीय. जॅक 3.5 मिमीचा आहे की जुना 6.35 चा तेही बघा, आणि मोनोच घ्या; स्टिरिओ जॅक काही सॉकेटमध्ये अर्धवट लागतो आणि मग पुन्हा पंचविसात एकदा चुकतो.